हंगामातील अठ्ठेचाळीस मिनिटे

आश्विन लागला की बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातील व्यापारी घरांची झोप उडते. पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, धारूर, वडवणी, केज या तालुक्यांतील हजारो कुटुंबे दसऱ्यानंतर ऊसतोडीसाठी घर सोडतात. कोणी कृष्णाकाठी जाते, कोणी कोल्हापूर-सांगलीकडे, कोणी थेट कर्नाटकात. भगवानगडाच्या किंवा सावरगाव घाटाच्या दसऱ्याला माथा टेकवायचा आणि दोन-चार दिवसांत गाडीत सामान चढवायचे, हा अनेकांचा क्रम. जाणारे परत येतात ते फाल्गुन-चैत्रात. मधल्या पाच-सहा महिन्यांचा शिधा मात्र जाण्यापूर्वीच घ्यावा लागतो, आणि तो आमच्यासारख्या दुकानांतून घेतला जातो.

शहरातील वाचकांसाठी दोन शब्द उलगडून सांगतो. नवरा-बायकोच्या जोडीला या धंद्यात 'एक कोयता' म्हणतात. दोन माणसे, पण मोजणी एकाची. मुकादम हंगामाआधीच या कोयत्याला जी आगाऊ रक्कम देतो ती 'उचल'. उचल हातात पडल्यापासून गाडी निघेपर्यंतचे पंधरा-वीस दिवस आमच्या दुकानाचा हंगाम असतो, आणि घरातल्या प्रत्येकाच्या हाडांना तो जाणवतो.

एका कोयत्याचे सामान म्हणजे बाजरी-ज्वारीची पोती, तेलाचा डबा, तिखट, मीठ, चहा, साखर, काड्यापेट्यांचा पुडा, कपड्याचा साबण, सुतळी, झोपडीवर टाकायची ताडपत्री, जर्मनची दोन पातेली, बॅटरीचे सेल आणि कोयत्याला धार लावायची कानस. साखरेचा उल्लेख मुद्दाम केला. मागच्या वर्षी ज्यांनी ऊस तोडला त्यांनाच आम्ही ती किलोच्या भावाने विकतो आणि त्यात कोणालाही काही वावगे वाटत नाही. असे दिवसाला तीस-चाळीस कोयते आले की पहाटे पाचला उघडलेले दुकान मध्यरात्र उलटल्यावरच बंद होई. खांदे भरून येत, घसा बसे, नखांत तिखट शिरलेले असे आणि ते डोळ्यांपर्यंत जाऊ नये म्हणून घाम कोपरानेच पुसावा लागे.

त्यातच नवपदाची ओळी येते. आश्विन शुद्ध सप्तमीपासून पौर्णिमेपर्यंतच्या नऊ दिवसांत दसरा असतोच. आमची दादी आणि आई दोघी आयंबिल करीत. तेल, तूप, दूध, दही, गूळ-साखर यांपैकी काहीही नसलेले एकवेळचे रुक्ष अन्न खाऊन त्या दिवसभर मिरची निवडत, पुड्या बांधत, नोकरांचा स्वयंपाक करीत. पुरुषांच्या श्रमांची गोष्ट आपल्याकडे पुष्कळदा सांगितली जाते. त्या नऊ दिवसांत त्या दोघींचे ओठ कसे सुकलेले असत ते मला अजून डोळ्यांपुढे दिसते, म्हणून इथे लिहून ठेवतो.

या साऱ्या धांदलीत दादाजींचा एक नियम होता आणि त्यावरून घरात दरवर्षी कुरबूर होई. सूर्यास्तापूर्वी चौविहार, त्यानंतर एक सामायिक, आणि ते चालू असताना गल्ला बंद. आश्विनात आमच्याकडे सूर्य सहाच्या पुढेमागे मावळतो. आडगावांहून आलेल्या गाड्यांची परतायची घाई नेमकी तेव्हाच असते. अंगणात पंचवीस-तीस माणसे उभी, बाहेर टेंपोवाला हॉर्न वाजवतो आहे, आणि दादाजी शांतपणे वही मिटून, गल्ल्याची किल्ली जानव्यासारखी गळ्यात अडकवून (ही उपमा काकांची, आणि ती त्यांनी रागानेच दिली होती) माडीवर निघून जात. वरच्या खिडकीतून त्यांचे आसन, तोंडावरची मुहपत्ती आणि शेजारची वाळूची घडी खालच्या गिऱ्हाइकांना स्पष्ट दिसे. सामायिकाची दोन घटका म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटे. त्यात एका मिनिटाचीही सूट नसे. उधारीची वही दादाजींशिवाय कोणी लिहीत नसल्यामुळे माल तोलून तयार असला तरी व्यवहार पुरा होत नसे.

काका म्हणत, "धर्म बाराही महिने आहेच, पंधरा दिवस घरचे एक माणूस तरी गल्ल्यावर बसू द्या." समोरच्या दुकानात त्याच वेळी गिऱ्हाईक वळते हे ते आकड्यांनिशी दाखवीत, आणि ते खरेही होते. मी तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांचा. माझे मत काकांच्या बाजूचे. खाली ताटकळणाऱ्या माणसांसमोर तोंड द्यावे लागे ते मला. "शेठ पुस्तकात बसलेत, आता उठायचे नाहीत," असे जुनी गिऱ्हाइके नव्यांना सांगत आणि ओट्याच्या पायऱ्यांवर टेकत. मला मात्र त्यांच्याकडे पाहायचीच लाज वाटे. म्हणून मी कोठाराच्या बाजूला रद्दीच्या ढिगावर जाऊन बसत असे.

माझे खरे व्यसन तिथले. त्या काळी हळद, तिखट, चहा, सोडा सारे कागदाच्या पुडीत बांधले जाई. त्यासाठी बीडहून किलोवर रद्दी येई : वर्तमानपत्रे, शाळेच्या जुन्या वह्या, दिवाळी अंकांची सुटी पाने, कोणाच्या तरी उत्तरपत्रिका, कोर्टाच्या नोटिसा, पंचांगे. कागद चौकोनी फाडून गठ्ठे करण्याचे काम माझ्याकडे होते आणि ते करताना मी वाचत असे. मिळेल ते आणि अर्धेच. एका पानावर कोणी स्त्री रेल्वेच्या फलाटावर कोणाची तरी वाट पाहत उभी असे. पुढचे पान आधीच कोणाच्या तरी मिठाभोवती गुंडाळून गेलेले. एखाद्या उत्तरपत्रिकेत कोणा विद्यार्थ्याने शिवरायांच्या आग्र्याहून सुटकेवर दोन पाने लिहून शेवटी 'वेळ संपली' असे लिहिलेले असे. गुण किती मिळाले ते दुसऱ्या तुकड्यावर. दिवसभर वजने उचलून हात थरथरत असताना ही अर्धीमुर्धी पाने वाचण्यात जे सुख होते, ते पुढे पुरी पुस्तके विकत घेऊन वाचतानाही मला सापडले नाही. चोरून मिळालेला वेळ होता म्हणूनही असेल.

इतरांचीही आपापली विरंगुळ्याची ठिकाणे होती. वडील मापाच्या कोनाड्यात ट्रान्झिस्टर ठेवीत आणि क्रिकेटचा सामना असला की पोती मोजताना चुकत. हमाल लोक सुतळीच्या तुकड्यांनी गाठी सोडवायचा खेळ खेळत. काका, नियमांचे एवढे विरोधक, सामायिकाच्या वेळी मुकादमांशी गप्पा मारत उभे राहत आणि त्यातूनच कोणता कारखाना किती दिवस चालणार याचा अंदाज बांधत. शेजारी मोबाईलचे दुकान निघाल्यावर तर आमच्याहून मोठी रांग तिथे लागू लागली. हंगामाला जाणारी तरुण पोरे मेमरी कार्डात गाणी आणि चित्रपट भरून घेत. आकाशवाणीचे बीड केंद्र कृष्णाकाठी कुठून लागणार? त्यामुळे भगवानबाबांची, भीमरायांची, लग्नातली, तमाशातली अशी सारी गाणी त्या नखाएवढ्या तुकड्यात कोंबून न्यावी लागत. भाकरीच्या पिठाइतकाच तो शिधा आवश्यक होता हे मला नंतर समजले.

समजले ते वसुलीच्या निमित्ताने. २०१० च्या जानेवारीत आमच्या एका मुकादमाचा फोन लागेनासा झाला. त्याच्या जामिनकीवर आम्ही अकरा कोयत्यांना माल दिला होता. वडिलांनी मला कराडच्या पुढे, टोळी उतरली होती तिथे पाठवले. पैसे मिळतील की नाही या चिंतेत मी गेलो होतो. करुणा वगैरे मनात नव्हती, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

मुकादम कारखान्यावर गेलेला, दुसऱ्या दिवशी येणार होता. परतीची गाडी नव्हती. म्हणून एक रात्र मला उसाच्या फडाजवळच्या कोप्यांत काढावी लागली. कोपी म्हणजे बांबूच्या चटयांचा नि पाचटाचा आडोसा. आत वाकूनच शिरावे लागते. वर आमच्याच दुकानातली निळी ताडपत्री होती. दिवेलागण होऊन गेलेली. माझा चौविहार असल्याचे सांगताच त्या घरच्या बाईने तव्यावरची भाकरी तशीच ठेवली आणि म्हणाली, "म्हंजे शेठ, तुमी रातच्याला काईच नाय? आमाला तर रातच्यालाच मिळतंय."

पहाटे साडेतीनला भांड्यांच्या आवाजाने मी जागा झालो. बायका चुली पेटवून भाकऱ्या थापत होत्या. पाच वाजता माणसे फडात. हवेत बोचरी थंडी, पाचटावर दव, आणि कोयत्याचा एकसारखा आवाज. पुरुष बुडातून ऊस तोडीत पुढे जातो, बाई मागून तो साळते, मोळ्या बांधते आणि गाडी आली की डोक्यावर घेऊन फळीवरून वर चढते. दोघांनी मिळून दिवसाला दीड-दोन टन. गाडी दुपारी येईल की रात्री दोनला, ते कारखान्यावर अवलंबून. कधीही आली तरी उठून भरावीच लागते. नवकारशीची वेळ होईपर्यंत, म्हणजे सूर्योदयानंतर दोन घटका मी तोंडात पाणी घालायचा थांबलो होतो तेवढ्यात, त्या जोडप्याने आमच्या दुकानाच्या ओट्याएवढा पट्टा मोकळा केला होता.

मला सवयीने त्यांच्या दिवसात थांबायची जागा शोधावीशी वाटली. नेमलेली अशी एकही नव्हती. होते ते कामाच्याच फटीत घुसवलेले. मिश्री लावण्याचे निमित्त काढून दोन बायका बांधावर पाच मिनिटे बसल्या आणि एकमेकींच्या सासवांच्या नकला करून खळखळून हसल्या. एका तरुणाने फोन कमरेला बांधला होता. गाणे बदलले की त्याच्या कोयत्याची लय बदले. लहान मुले उसाच्या कांड्यांची बैलगाडी करून ओढत होती. ऊस नेणारा ट्रॅक्टर लांबूनच ओळखू येई, कारण त्यावरचे कर्णे सगळ्या शिवाराला ऐकू जात. ड्रायव्हर खाली उतरला की पोरांचा घोळका आवडीचे गाणे लावायला त्याच्यामागे लागे. उसाचे हिरवे वाढे गावात चाऱ्यासाठी विकून बायकांच्या हातात थोडे सुटे पैसे येत. त्यातून टिकल्या, बिस्किटे, पोराला फुगा. खर्चीच्या दिवशी आठवडी बाजार. आणि खरी सुटी एकच : कारखाना बंद पडणे. यंत्र बिघडल्याची बातमी आली की कोप्यांत सण झाल्यासारखे वाटते असे एक म्हातारा मला सांगत होता. त्या दिवशी डोक्यावरून पाणी घेता येते.

एरवी स्वतःहून थांबले तर त्याला 'खाडा' म्हणतात. आजारपणाचा असो की बाईच्या अडचणीच्या दिवसांचा, खाड्याचे पैसे उचलीच्या हिशेबात कापून घेतले जातात. हा शब्द मी आमच्या वहीत आजवर कधी लिहिला नव्हता. त्याचा पुरता अर्थ कळायला मला आणखी नऊ वर्षे लागली. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीचे आकडे आले आणि त्यांतील १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. ते वाचले तेव्हा मी दुकानातच होतो. त्यांतल्या कित्येक आमच्या पायरीवर बसून गेल्या असतील. कामात खंड पडू नये, खाडा लागू नये, हेही त्या शस्त्रक्रियांमागचे एक कारण होते. त्यानंतर ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे महामंडळ कामाला लागले, २०२१ मध्ये मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाने शासकीय वसतिगृहांची योजना आली, जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. हे सारे चांगलेच आहे. खाडा हा शब्द मात्र अजून गेलेला नाही.

त्या कोपीत दहा-अकरा वर्षांची एक मुलगी होती. धाकट्या भावाला सांभाळायचे म्हणून पाचवीची शाळा अर्ध्यावर सोडून आलेली. संध्याकाळी तिने अंथरुणाखालून कागदांचा एक गठ्ठा काढला. आमच्या पुड्यांचे कागद होते ते. हळदीचे पिवळे, तिखटाचे तांबूस, तेलकट डागांचे. प्रत्येक पुडी सोडल्यावर तिने तो कागद तळहाताने सरळ करून ठेवला होता. मी त्या दुकानातला आहे हे कळल्यावर तिने एक तुकडा माझ्यापुढे धरला आणि विचारले, "ह्याच्या पुढलं पान हाय का दुकानात?" कोणत्या तरी मासिकातली गोष्ट होती. विहिरीत पडलेल्या शेळीला बाहेर काढण्यासाठी सारा गाव जमला आहे, इथे कागद फाटला होता. तो सरळ रेषेत, पट्टी धरून फाडण्याची पद्धत माझी होती.

मी तिला शेळी वाचते असे सांगितले. तिचा विश्वास बसला नाही. "तुमी वाचलंय का?" या प्रश्नाला मी 'नाही' म्हणालो.

वसुली झाली, बरीचशी. घरी आल्यावर मी रद्दीतून 'किशोर'चे अंक वेगळे काढायला लागलो. बालभारतीचे हे मासिक १९७१ पासून निघते. रद्दीत ते बऱ्याचदा येई आणि त्याचा कागद पुडीला चांगला म्हणून आम्ही आधी तेच फाडत असू. काकांनी विचारले, हे कशाला? मी कारण सांगितल्यावर ते काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी त्यांनीही दोन अंक बाजूला ठेवलेले मला दिसले. पुढच्या दसऱ्याला त्या कुटुंबाच्या पोत्यात मी सहा अंक टाकले. त्याच्या पुढच्या वर्षी सात.

चौथ्या दसऱ्याला ती स्वतःच आली, वेगळ्या मुकादमाबरोबर, वेगळ्या आडनावाने. डोक्यावर पदर, शेजारी ओठावर मिसरूड फुटलेला नवरा. आता तीही एका कोयत्यातली अर्धी होती. एकट्या माणसापेक्षा जोडीला उचल मिळते, म्हणून आमच्याकडे लग्ने लवकर उरकली जातात. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत जिल्ह्यातील वीस ते चोवीस वयाच्या दर शंभर स्त्रियांमागे चाळिसांहून अधिक जणींचे लग्न अठरा वर्षांच्या आत झालेले आढळले, ते याच साऱ्यातून. मी तिचे वय विचारले नाही. वहीत नवऱ्याचे नाव लिहिले, माल तोलला, आणि 'किशोर' द्यावा की न द्यावा या घोळात तो द्यायचा राहून गेला.

आता दादाजी नाहीत. पुड्याही नाहीत, सारे पाकिटबंद येते आणि पैसे निम्म्याहून अधिक मोबाईलवरून होतात. चौविहार आणि सामायिक मात्र चालू आहे, कारण गेली काही वर्षे माडीवर मी जातो. माझा मुलगा खाली उभा राहतो आणि काकांचेच मुद्दे मांडतो. त्याला मी अजून समाधानकारक उत्तर देऊ शकलेलो नाही. नुकसान होतेच.

मागच्या दसऱ्याच्या सुमारास मी वर बसलो असताना खिडकीतून ती दिसली. आता तिशीच्या आतली, पण दिसायला बरीच पुढची. नवरा टेंपोवाल्याशी वाद घालत होता. ती पायरीच्या कडेला बसली, चपला काढून पाय पुढे पसरले, आणि पाठ भिंतीला टेकवली. शेजारी दहा-एक वर्षांची मुलगी. सामायिक पाळून मी खाली आलो तेव्हा घाईने वही उघडत म्हणालो, "ताई, उशीर झाला तुम्हाला. आधी तुमचंच घेतो."

ती म्हणाली, "बसा की शेठ निवांत. हितं कुणी ऊठ म्हणत नाय." मग मुलीकडे बोट दाखवून म्हणाली, "ही ह्या साली आजीपाशी ऱ्हातीय, शाळंला. ते पुस्तक हाय का, शेळीचं?"

कोठारात जाऊन मी शोधले. 'किशोर'चे तीन जुने अंक सापडले; शेळीची गोष्ट त्यांत नव्हती. तिन्ही दिले. मुलीने पहिला अंक तिथेच पायरीवर उघडला, आणि तिचा बाप टेंपोतून हाका मारत असताना पान संपेपर्यंत ती उठली नाही.